बिनवासाची पावडर

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावाचं पाणी एकाएकी चांगलं झालं.

एरवी पावसाळ्यात नळाच्या पाण्याला टीसीएलचा वास येतो. टीसीएल म्हणजे जंतू मारायला विहिरीत टाकतात ती पांढरी पावडर. त्या वासानं चहा बिघडतो, वरण बिघडतं, आणि माझ्या पप्पांच्या किराणा दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी पाण्याला शिव्या देतं, मग साखर मागतं. या वर्षी वासच आला नाही. लोक धोंडीराम काकांना रस्त्यात थांबवून सांगायला लागले, "धोंड्या, औंदा पावडर एक नंबर आणलीस बे!"

धोंडीराम काका ग्रामपंचायतीचे शिपाई. नळही तेच सोडतात, दवंडीही तेच देतात, आणि कागदावर त्यांना जलसुरक्षक म्हणतात. एकोणीस वर्षं ते रोज सकाळी सहाला विहिरीवर जातात, बादलीत पावडर कालवतात, गाळ खाली बसू देतात आणि वरची निवळी विहिरीत ओततात. कुणी कौतुक केलं की काका लाजून म्हणायचे, "सरकारनं सुधारित माल काढला असंल. मोबाईल सुधारले, बियाणं सुधारलं, मग पावडर कावून न्हाई सुधारायची?"

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

दहा तारखेला खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चार दिवसांत त्रेचाळीस माणसं आडवी झाली. कुणी मेलं नाही, पण माझी मैत्रीण आरोही सिरसाळ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती. आरोही म्हणजे आमच्या कबड्डी टीमची सगळ्यात भारी चढाई करणारी पोरगी, आणि मी टीमची कॅप्टन, शिवांजली, इयत्ता नववी. जूनपर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' सुद्धा इतक्या हळू म्हणायचे की बाईंनी माझ्या सात खोट्या गैरहजेऱ्या लावल्या. जुलैत खेळाच्या बंकट सरांनी कॅप्टन केलं. तेव्हापासून मी सगळंच मोठ्यानं म्हणते. मम्मीच्या मते मी आधी बरी होते.

तर गाव आजारी पडलं आणि ज्यांनी कौतुक केलं होतं त्यांनीच काकांना धरलं. सगळ्यात जास्त भडकला आरोहीचा बाप, राजेश्वर काका. "हा पावडर टाकीतच न्हाई," ते चौकात ओरडले. "वास कुठं येतूय? पोतं इकून खाल्लं ह्यानं!"

सरपंच अमरसिंह यांनी एकोणीस तारखेला विशेष ग्रामसभा लावली. तालुक्याहून आरोग्याचे साहेब येणार होते. नोटिशीवर विषय एकच होता: 'जबाबदारी निश्चित करणे.' ती कुणावर निश्चित होणार हे इतकं निश्चित होतं, की दवंडी द्यायला काकांनाच पाठवलं.

दवंडी देऊन काका आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लासात बघितलं आणि तसाच खाली ठेवला.

"शिवू माय," ते म्हणाले, "मी एक दिस चुकवला न्हाई. आमची लेक बायडा बाळंत हुईत हुती, तवाबी मी आदी हिरीवर गेलतो, मग दवाखान्यात. काढून टाकतेत तर टाकू देत. पण लोकाला इख पाजलं म्हणून नाव ऱ्हाईल. नातीचं लगीन जमवायला गेलो तर लोक ह्येच इचारतेल."

मी तिथंच ठरवलं, काकांना सोडवायचं. कसं सोडवायचं ते ठरलं नव्हतं, पण कॅप्टन झाल्यापासून मला आधी ठरवायची सवय लागली आहे.

पुरावा घरातच सापडला, दोरीवर वाळत. सतरा तारखेला मम्मी माझी कबड्डीची पँट हातात धरून उभी होती. गडद निळी, नवी कोरी. तिच्या गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी पांढरट-गुलाबी पट्टे पडले होते.

"ह्ये काय करून आणलंस?"

"धुळीचं आहे."

"तीनदा धुतली. धूळ जाती, रंग न्हाई जात. आन गुडघ्याला फोड कशाचे?"

मी टीममधल्या सगळ्या पोरींना विचारलं. सगळ्यांच्या पँटींना पट्टे होते, अगदी त्याच जागी. सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मैदानावर वास येत होता, हेही सगळ्यांनी मान्य केलं. पण आमच्या मैदानाला लागूनच शाळेचं बाथरूम आहे, त्यामुळे मैदानावरच्या वासाचा आम्ही कुणी वेगळा विचार करत नाही.

विज्ञानाच्या पुस्तकात विरंजक चूर्ण नावाचा पांढरा पदार्थ आहे. तो कपड्यांचा रंग घालवतो आणि पाण्यातले जंतू मारतो. हा धडा आम्ही पाठ केला होता, चाचणीत त्यावर मला पाचपैकी पाच मिळाले होते, आणि तरी त्याच पदार्थावर मी दोन आठवडे लोळत होते. मी मैदानात गेले, मधल्या रेषेवर पालथी झोपले आणि वास घेतला. टीसीएल!

मग क्रीडा साहित्याची खोली उघडली. कोपऱ्यात युरियाची दोन जुनी पोती होती, दोन्हीत पांढरी पावडर. काय झालं होतं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. जुलैच्या शेवटी सरपंचांच्या नेत्याचा वाढदिवस होता. बॅनर आणि खुर्च्या ठेवायला ग्रामपंचायतीची खोली रिकामी केली आणि टीसीएलचं पोतं शाळेत आणून टाकलं. त्याची मूळ पिशवी फाटली, ती तिथंच पडलेली होती, म्हणून माल युरियाच्या पोत्यात भरला. शेजारी शाळेची फक्की होती. फक्की म्हणजे मैदानावर रेषा मारायचा चुना-खडूचा भुगा. तीही युरियाच्या पोत्यात, कारण आमच्या गावात रिकामं पोतं म्हटलं की युरियाचंच असतं. एक पोतं काकांनी उघडलं, एक बंकट सरांनी. काका रोजचं माप इथूनच भरून नेत होते, फक्कीच्या पोत्यातून.

म्हणजे कबड्डीचं मैदान दोन आठवडे पूर्ण निर्जंतुक होतं, आणि विहिरीत रोज सकाळी न चुकता खेळाचं मैदान आखलं जात होतं.

मला इतका आनंद झाला की मी खोलीतच उडी मारली. काका खरं बोलत होते! पावडर रोज टाकली होती! हे मी दोन दिवस कुणालाही सांगितलं नाही, विहिरीच्या पाण्याबद्दलही नाही. मला ते सभेत सांगायचं होतं. त्या दोन दिवसांत आणखी पाच जण आजारी पडले. त्रेचाळीसचे अठ्ठेचाळीस. ते पाच जण माझ्या नावावर आहेत. मी हे कुणी विचारायच्या आधी सांगते आहे.

सभा महादेवाच्या मंदिरापुढच्या मंडपात भरली. तालुक्याचे साहेब सीलबंद पाण्याची बाटली घेऊन बसले होते. सरपंचांसमोर तशीच बाटली, ग्रामसेवकांसमोर तशीच. गावासमोर ग्रामपंचायतीचा माठ होता, त्याच्याकडे कुणी जात नव्हतं.

"धोंडीराम, पावडर रोज टाकत होतास?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"मग लोक आजारी कसे पडले?"

"तेच मीबी इचारतूय साहेब."

सरपंचांनी घसा साफ केला. "साहेब, टाइम कावून घालवायचा? ठराव टाइप करून आणलाय. धोंडीराम यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. नुस्त्या सह्या-अंगठे बाकी हायेत."

मी उभी राहिले. "मला बोलायचं आहे."

"ए पोरी, ग्रामसभा हाय ही. अठराच्या खालच्यानं बोलायचं न्हाई," सरपंच म्हणाले.

पुढं छबुबाई बसल्या होत्या. त्या गावात सगळ्यात म्हाताऱ्या. प्रत्येक ग्रामसभेला येतात, चहा मिळतो म्हणून. त्या म्हणाल्या, "जुलाब तर अठराच्या खालच्यालाबी झाले. तवा न्हाई कुणी वय इचारलं."

साहेबांनी हात हलवला, म्हणजे बोल. मी पिशवीतून पँट काढली आणि दोन्ही हातांनी वर धरली. मागून कुणीतरी खिदळलं. मी सगळं सांगितलं: पट्टे, फोड, दोन पोती, वाढदिवसाचे बॅनर. शेवटी मोठ्यानं म्हटलं, "धोंडीराम काकांनी एक दिवसही चुकवला नाही. ते रोज टाकत होते. फक्त ती फक्की होती."

मला वाटलं टाळ्या पडतील.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे चूक धोंडीरामचीच. आधी संशय होता, आता पुरावा मिळाला. शाब्बास, बाळ."

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, उलटा-सुलटा करून, जणू तो दुसऱ्याचा आहे. त्यांना आत्ताच कळलं होतं की खरंच त्यांच्याच हातानं झालं.

"फक्की?" ते हळूच म्हणाले. "म्हणून वास न्हवता व्हय."

पँट हातात धरून मी तशीच उभी होते. कबड्डीत चढाईला गेलेली पोरगी अशी उभी राहिली की बाद होते. म्हणून मी बोलत राहिले. "साहेब, काकांचं चुकलं, कबूल आहे. पण ते त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. पाणी रोज तपासतात ना? पुस्तकात दिलंय. ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. ती कोण करतं?"

साहेब ग्रामसेवकांकडे बघायला लागले. ग्रामसेवक म्हणाले, "ते आरोग्य सेवकाचं काम आहे."

"आरोग्य सेवकाचं पद तीन वर्षं रिक्त आहे," साहेब म्हणाले. "तोवर ग्रामपंचायतीनं बघायचं."

"ग्रामपंचायतीनं शाळेला सांगितलं हुतं," सरपंच म्हणाले.

बंकट सर म्हणाले, "शाळेला तसं पत्र आलेलं नाही."

"पत्र तालुक्यानं काढायला पाहिजे होतं," ग्रामसेवक म्हणाले.

"तालुक्याला जिल्ह्याकडून सूचना नव्हत्या," साहेब म्हणाले.

छबुबाई हसायला लागल्या. दात नसल्यामुळे त्या हसल्या की नुसतं अंग हलतं. "मी सात-आठ वर्साची हुते," त्या कुणालाही न विचारता सांगायला लागल्या. "निजामाचं राज. पटकी आली. येका घरातून दोन-दोन मुडदे. मग गावानं मरीआईचा गाडा केला, लिंबू-नारळ ठिवला, आन वाजत-गाजत शेजारच्या गावाच्या शिवंत नेऊन सोडला. ती पटकी तिकडं जाऊ दे म्हणून. सकाळी उठून बगतूत तर गाडा परत आमच्या शिवंत! त्या गावानं राती ढकलून दिल्ता. असं आठ दिस चाललं. गाडा हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. माणसं दोन्हीकडं मरत हुती."

"आजी, विषयाला धरून बोला," सरपंच म्हणाले.

"विषयच सांगतूय. मग तहसिलीतून घोड्यावर माणूस आला. हुसेनसाब. त्यानं आडात लाल दवा टाकली, पाणी गुलाबी झालं. आमी भ्यालो, प्यायचं न्हाई म्हणालो. तर त्यो आडावरच बसून ऱ्हायला. सात दिस. आदी सोता प्यायचा, मग पोरांला पाजायचा. गुलाबी गेलं की पुन्ना टाकायचा. टाकली का न्हाई ते आंधळ्यालाबी दिसायचं. आन दवा कुणाची जिम्मेदारी, म्हणलं की सारं गाव सांगायचं, हुसेनसाबाची." त्यांनी साहेबांकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमचा गाडा आता कुठवर आलाय?"

मंडपात मोठा हशा झाला. साहेब बाटलीतलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "ओटी टेस्ट झाल्या आहेत की नाही ते रजिस्टर बघून ठरेल. रजिस्टर आणा."

ग्रामसेवक म्हणाले, कपाटाची किल्ली घरी राहिली. काकांनी खिशातून दुसरी किल्ली काढून दिली. शिपायाकडे सगळ्या किल्ल्या असतात.

बंकट सरांनी रजिस्टर आणून माझ्याच हातात दिलं, म्हणून मीच वाचलं. एक ऑगस्ट, ओटी पॉझिटिव्ह. दोन ऑगस्ट, ओटी पॉझिटिव्ह. सगळं एकाच निळ्या पेनानं, एकाच सुंदर अक्षरात. दहा ऑगस्टला, जेव्हा खालची आळी आडवी झाली, तेव्हाही पॉझिटिव्ह. अठरा, पॉझिटिव्ह. एकोणीस, म्हणजे आज, पॉझिटिव्ह.

वीस ऑगस्ट, पॉझिटिव्ह.

मी थांबले. मग पुढं वाचलं, कारण पुढंही लिहिलेलं होतं. बावीस तारखेला पोळा होता. पोळ्याच्या दिवशीचं पाणी पॉझिटिव्ह आलं होतं. एकतीस ऑगस्टपर्यंत गावाचं पाणी उत्तम होतं. पानाच्या खाली शिक्का होता, 'तपासले', आणि त्यावर सही.

"ही सही कुणाची आहे?" मी विचारलं. खरंच माहीत नव्हतं मला.

साहेबांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, बघितलं आणि बंद केलं. कपाटात ओटीच्या औषधाची बाटलीही सापडली. तिचं सील शाबूत होतं. मुदत २०१९ ला संपली होती.

मग साहेबांचा आवाज एकदम मायाळू झाला. "हे बघा, पाऊस जास्त झाला. विहिरीत बाहेरचं पाणी झिरपलं असणार. आपण अहवालात 'नैसर्गिक कारण' लिहू. धोंडीराम गरीब माणूस आहे, त्याच्या नोकरीलाही धक्का नको. काय सरपंच?"

"मी तर आदीपासूनच म्हणतूय, धोंडीराम घरचा माणूस हाय," सरपंच म्हणाले आणि टाइप केलेला ठराव घडी करून खिशात घातला.

झालं! काका सुटले! मी ठरवलं होतं तसंच झालं होतं, आणि मला मात्र या वेळी उडी मारावीशी वाटली नाही.

तेवढ्यात काका उठले. "न्हाई साहेब. पावसाचं नगा लिवू. पावसानं काय केलं? माझं नाव लिवा."

"अरे, तुला वाचवतोय मी."

"मला कळतंय. पण माझ्या हातानं झालंय. मी वास घ्याया पायजे हुता, न्हाई घेतला. कौतुक झालं, त्यात ऱ्हायलो. माझं नाव पहिलं लिवा. फकस्त त्या खाली बाकीच्यांचीबी लिवा. एकल्याचं लिवणार असाल तर मी अंगठा देत न्हाई. सगळ्यांचं लिवणार असाल तर आदी माझं."

"असं करता येत नाही," साहेब म्हणाले.

"कावून न्हाई येत?" हा आवाज मागून आला. राजेश्वर काका उभे होते, काकांना चोर म्हणणारे तेच. "माझी पोरगी सलाईनवर हाय. म्या धोंड्याला चोर म्हणलो, चुकलो. लिवा साहेब. आमी बसलोत. हुसेनसाब सात दिस बसला, आमाला एक रात काय जड न्हाई."

मग बंकट सर उठले. "दुसरं माझं लिहा. मैदान मी आखलं. करोनापासून मला वास येत नाही, पण ते कारण नाही. पोतं उघडून बघता आलं असतं."

पाच-सहा जणांनी मोबाईल वर धरले होते. साहेबांनी ते मोजले असावेत. त्यांनी पेन उचललं. एक, धोंडीराम. दोन, क्रीडा शिक्षक. तीन, ग्रामसेवक. चार, सरपंच. पाचवं नाव आरोग्य सेवकाचं, तिथं त्यांनी 'रिक्त पद' लिहिलं, म्हणजे गावात एक अपराधी असा आहे जो अजून नेमला गेलेला नाही. सहाव्याला पेन थांबलं. छबुबाई टक लावून बघत होत्या. साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं, फार बारीक अक्षरात.

माझं नाव अहवालात नाही. अठराच्या खालचं घेता येत नाही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पाच जणांना नोटिसा आल्या: कसूर का केली, सात दिवसांत लेखी खुलासा द्या. चौघांनी दोन-दोन पानं लिहिली. काकांचा खुलासा मी लिहिला, ते सांगत गेले तसा. एकच ओळ झाली: 'माझी चूक झाली, यापुढे वास घेऊन आणि पाणी तपासून पावडर टाकीन.' तो तालुक्याहून परत आला. वर शेरा होता, 'खुलासा अपूर्ण. कारणे जोडावीत.' काकांनी तोच कागद पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला काढता येत नाही, आणि खुलासा पूर्ण झाल्याशिवाय चौकशी पूर्ण होत नाही. त्यामुळे काका अजून कामावर आहेत.

ओटीचं नवीन औषध आलं. सकाळी सहाला काका पावडर टाकतात. साडेसहाला मी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेते, थेंब टाकते आणि पाण्याला आलेल्या बायकांना नळी दाखवते. मग रजिस्टरमध्ये लिहिते, त्याच दिवसाचं, त्याच दिवशी. आरोही घरी आली आहे, ती नळी धरते. तिच्या मते मी फार मोठ्यानं ओरडून सांगते.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला पाणी पिवळं झालं नाही. पुन्हा घेतलं. नाहीच झालं. नवीन पोत्यातला माल जुना निघाला होता, दम गेलेला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'ओटी निगेटिव्ह.' काकांनी दवंडी दिली, पाणी उकळून प्या.

ग्रामसेवक अर्ध्या तासात धावत आले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. "शिवांजली, हे काय लिहिलंस? बारा वर्षांच्या रजिस्टरात एकही निगेटिव्ह नाही! वर फोटो जातो याचा. खोडून टाक, पोतं मी उद्या-परवा मागवतो."

मी काकांकडे बघितलं.

"पेनानं लिवलंय साहेब," काका म्हणाले. "खोडलं तर खाडाखोड दिसंल. त्याचा आनखी एक खुलासा द्यावा लागंल, आन माझा पहिलाच अजून अपुरा हाय."

ग्रामसेवक तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसले आणि फोन लावायला लागले. दुपारी साडेबाराला तालुक्याची जीप नवीन पोती घेऊन आली. साहेब स्वतः आले होते. काकांनी एक पोतं उघडलं, आत नाक घातलं, सणकून शिंकले आणि डोळे पुसत म्हणाले, "हं. हा खरा माल हाय."

मग त्यांनी पोतं साहेबांच्या पुढं धरलं. "तुमीबी घ्या साहेब वास."

साहेबांनी घेतला.